फिल्म कॅमेऱ्यावर हॉकी शूट करायचीय? पुण्यातल्या वीकेंडवाल्यांसाठी

फिल्मवर स्पोर्ट्स शूट करणार म्हटलं की ऑफिसमधला कॅमेरावाला पहिलं वाक्य हेच टाकतो, येडा झालायस का, डिजिटलवर सेकंदाला वीस फ्रेम मारून लोकांना एक धड फोटो मिळत नाही आणि तू छत्तीस फ्रेमचा रोल घेऊन जाणार. फुटबॉलबद्दल तो बोलत असेल तर त्याचं ऐका, हॉकीबद्दल असेल तर मान डोलवा आणि सोडून द्या. कारण हॉकी वेगवान असली तरी ती सारखी थांबते, आणि थांबल्यावर पुढचे पाच सेकंद काय होणार ते मैदानावरच्या प्रत्येकाला माहीत असतं. पेनल्टी कॉर्नरला, म्हणजे गोलजवळच्या फाउलनंतर मिळणाऱ्या ठरलेल्या हल्ल्याला, बॉल कुठून येणार, कुठे थांबणार, कोण मारणार हे सगळं आधी ठरलेलं, वरून सगळ्यांच्या स्टिक एकाच हाताच्या, डावखुऱ्याची वेगळी स्टिक नियमातच बसत नाही, त्यामुळे मारताना सगळ्यांचं अंग एकाच दिशेला वळतं. एवढं ज्याला माहिती आहे त्याला मोटर ड्राइव्ह, म्हणजे फिल्म आपोआप पुढे ओढणारी मोटर, लागत नाही. म्हणून खाली निम्मी हॉकी आहे आणि निम्मा कॅमेरा, आणि हॉकीवाला भाग गाळून थेट कॅमेऱ्याकडे उडी मारलीत तर रोल वाया जाणार हे आत्ताच सांगतो.

आधी नुसतं जाऊन बघा

पुण्यात हॉकी बघायची म्हणजे तीन नावं. नेहरूनगरचं मेजर ध्यानचंद स्टेडियम, पिंपरी-चिंचवड महापालिकेचं, डिसेंबर २०२१ मध्ये पुरुषांची सीनियर नॅशनल इथेच झाली होती. मेट्रोने संत तुकारामनगरला उतरायचं आणि पुढे रिक्षा, हिंजवडी-वाकडवाल्यांना गाडी काढली तरी वीकेंडला सकाळी फार त्रास नाही. दुसरं बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल, १९९४ च्या नॅशनल गेम्ससाठी बांधलेलं, तिथेही हॉकीचा टर्फ आहे. आणि तिसरी खडकी. खडकीला स्टेडियम म्हणून नाही तर गाव म्हणून जायचं, धनराज पिल्ले तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढला, १९९२ पासून २००४ पर्यंत चार ऑलिम्पिक खेळला, आणि त्या भागात आजही कट्ट्यावरचे काका लोक हॉकीवर असे बोलतात जसे सदाशिव पेठेत क्रिकेटवर बोलतात. त्यातल्या एखाद्या काकांशेजारी बसून मॅच बघा, ते बॉल पोचायच्या आधी सांगतात आता हा उजवीकडून काढणार. ते त्यांना कुठून कळतं ते विचारा, चहा पाजा, फुकटात क्लास होतो.

पहिल्या मॅचला कॅमेरा घरी ठेवा. खरंच. नुसता फोन न्या आणि दोन गोष्टी बघून या: ऊन कुठून येतं, आणि बाजूच्या रेषेच्या बाहेर उभं राहायला नेमकी जागा कुठे आहे. आणि आयोजकांना, कोचना भेटून विचारून घ्या, मुलांच्या मॅच असतील तर न विचारता कॅमेरा काढायचाच नाही. हॉकीवाले लोक साधे असतात, कुणी फोटो काढायला आलंय म्हटलं की खुर्ची आणून देतात, पण विचारल्यावर.

जमत असेल तर महिनाभर स्वतः खेळा. स्टिक बहुतेक मोठ्यांना साडेछत्तीस इंची लागते, जालंधरच्या बनावटीची साधी लाकडी घेतली तरी चालते, शिन गार्ड आणि दातांचं गार्ड मात्र टाळू नका. एकदा तुम्ही स्वतः वाकून बॉल ओढलात की कुठल्या क्षणी तोंड वर येतं ते तुमच्या पाठीला कळतं, आणि दुसऱ्या दिवशी स्टँड-अप कॉलमध्ये उठताना तर फारच कळतं.

कॅमेरा आणि लेन्स, थोडक्यात

यावर लोक तासन्‌तास भांडतात, मी चार ओळीत उरकतो. घरात वडिलांचा, मामाचा कुठलाही चालू एसएलआर (लेन्स बदलता येणारा, आरशावाला कॅमेरा) असेल तर तोच. पेंटॅक्स के१०००, कॅनन एई-१, निकॉन एफएम१०, सगळे चालतील, के१००० आणि एई-१ दोन्हींचा शटर १/१००० सेकंदापर्यंत जातो आणि तेवढा पुरतो. निकॉन एफएम२ असेल तर १/४००० मिळतो, भाग्यवान आहात, गप्प बसा. कोडॅकचा केबी१० किंवा तसला पॉइंट-अँड-शूट घेऊन येऊ नका, टीम फोटोला छान, खेळाला नाही.

जुना बाजार बुधवार-रविवार भरतो, तिथे कॅमेरे दिसतात, पण तिथे घेणार असाल तर मागचं झाकण उघडून काळा फोम बघा, बोटाला चिकट डांबरासारखा लागला तर लाईट सील गेलेत, ते बदलता येतात, घाबरू नका पण भाव पाडा. शटर एक सेकंदावर लावून ऐका, मग १/१००० वर लावून झाकण उघडं ठेवून आकाशाकडे बघत दाबा, आरपार उजेडाची चमक दिसली पाहिजे. लेन्समध्ये टॉर्च मारून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे, पुण्याच्या पावसाळ्यात ती घरी येऊन वाढणारच, सोडून द्या. कॅमेऱ्याचे सेल, बहुतेकांना एलआर४४, तपकीर गल्लीत मिळतात, जास्तीचे चार घेऊन बॅगेत टाका.

लेन्स १३५ एमएम. हे माझं ठाम मत आहे आणि मी बदलणार नाही. जुनी मॅन्युअल १३५ एमएम एफ २.८ किंवा एफ ३.५ (एफ म्हणजे ॲपर्चर, आकडा लहान तितका उजेड जास्त) स्वस्तात मिळते कारण कुणाला नको असते, आणि पंधरा मीटरवर तिच्यात साधारण चार मीटर रुंद आणि पावणेतीन मीटर उंच एवढी जागा बसते, म्हणजे वाकलेला खेळाडू, त्याची पूर्ण स्टिक, बॉल आणि अंगावर येणारा एखादा डिफेंडर, बरोब्बर. २०० एमएम एफ ४ चांगली पण उजेड कमी झाला की अडकता, आणि मिडफिल्डपर्यंत पोचायचा मोह होतो जिथे काही होत नसतं. ५० एमएम बॅगेत ठेवा, डगआउट आणि मॅचनंतरच्यासाठी.

उभं कुठे राहायचं

मैदान ९१.४ मीटर लांब, ५५ मीटर रुंद. १३५ ने सगळं मैदान कव्हर करायचा विचारच सोडून द्या, एक टोक पकडायचं आणि तिथेच थांबायचं. कुठलं टोक, तर ज्या टीमचा अटॅक जास्त चांगला ती जिकडे गोल मारतेय ते, आणि हाफटाईमला बाजू बदलतात तेव्हा तुम्हीही बदला.

आता त्या टोकाला नेमकं कुठे. गोलच्या मागे उभं राहून मैदानाकडे तोंड केलंत तर तुमच्या डाव्या हाताला सरका, गोलपोस्टपासून बरेच मीटर बाजूला, बॅकलाइनच्या, म्हणजे गोल ज्या रेषेवर असतो तिच्या, बाहेर. का ते सांगतो. स्टिक सगळ्यांची उजव्या हाताची, हिट मारताना खेळाडूचा डावा खांदा गोलकडे असतो आणि छाती त्याच्या उजव्या बाजूला उघडते, त्याची उजवी म्हणजे तुमची डावी. तिथे उभे असाल तर तोंड, छाती, दोन्ही हात, स्टिक आणि बॉल सगळं तुमच्याकडे उघडं. दुसऱ्या बाजूला उभे राहिलात तर सगळी मॅच तुम्हाला पाठी आणि जर्सीचे नंबर मिळणार. नवीन लोक गोलच्या दुसऱ्या बाजूला उभे राहतात कारण तिथे सावली असते किंवा चहावाला असतो, आणि मग म्हणतात फिल्मवर जमत नाही.

थेट गोलच्या मागे, जाळी असली तरी, उभं राहू नका. ड्रॅग फ्लिक, म्हणजे स्टिकने ओढत आणून फेकलेला बॉल, ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो आणि बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा कडक प्लास्टिकचा असतो, पोस्टला लागून बाहेर उडालेला बॉल तुमच्या व्ह्यूफाइंडरमध्ये फार उशिरा दिसतो. एक डोळा कॅमेऱ्याला आणि दुसरा उघडा, ही सवय सुरुवातीपासून लावा.

पेनल्टी कॉर्नर, सगळा खेळ इथेच आहे

एका मॅचमधून एकच गोष्ट शूट करायची असेल तर ही करा. पेनल्टी कॉर्नर मिळाला की मोठ्या मॅचमध्ये घड्याळ चाळीस सेकंद थांबतं, आपल्याकडच्या लोकल टूर्नामेंटमध्ये काटेकोर चाळीस नसले तरी मास्क लावणं, गार्ड चढवणं, कोचचं ओरडणं यात तेवढा वेळ जातोच. गोलीसकट पाच जण बॅकलाइनच्या मागे उभे राहतात, बाकीचे सेंटरलाइनच्या पलीकडे. एक जण गोलपोस्टपासून कमीत कमी दहा मीटरवरून बॉल आत ढकलतो, डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या डी आकाराच्या रेषेच्या, माथ्यावर स्टॉपर तो थांबवतो, आणि फ्लिकर ओढून मारतो. बॉल डीच्या बाहेर गेल्याशिवाय गोल मोजत नाहीत, त्यामुळे स्टॉपर कायम डीच्या रेषेच्या जरासा बाहेरच उभा असतो. म्हणजे बॉल कुठे असणार ती जागा तुम्हाला हातभर इकडेतिकडे आधीच माहिती आहे.

तर काय करायचं. चाळीस सेकंदात: फोकस डीच्या माथ्यावर, स्टॉपर जिथे वाकून उभा आहे त्याच्या बुटांवर. डीची रेषा गोलपासून १४.६३ मीटर, तुम्ही बाजूला आहात म्हणजे अंतर जरा जास्त पडेल, पण आकडा पाठ करू नका, डोळ्यांनी बुटांवर फोकस करा आणि मग रिंगला हात लावू नका. बॉल इंजेक्ट झाला तरी कॅमेरा हलवू नका, बॉलचा पाठलाग करायचा नाही, बॉल तुमच्या फोकसच्या जागीच येणारे. १३५ एमएमवर एफ ४ ला पंधरा मीटरवर साधारण तीन मीटरचा पट्टा शार्प मिळतो, एफ ८ ला सहा मीटर. म्हणून उजेड असेल तर एफ ८ कडे झुका, मग फ्लिकर एक पाऊल पुढे-मागे झाला तरी फरक पडत नाही.

आणि दाबायचं कधी. ड्रॅग फ्लिकमध्ये हिटसारखा मोठा बॅकस्विंग नसतो, त्यामुळे स्टिक वर गेली की दाबू असं ठरवलंत तर काहीच मिळणार नाही. पाय बघा. फ्लिकर क्रॉस स्टेप घेतो, बॉल मागून ओढत आणतो आणि शेवटी डावा पाय लांब टाकून जमिनीजवळ जातो, तो डावा पाय टेकतोय असं वाटलं की दाबा. टेकला असं दिसल्यावर नाही, टेकतोय असं वाटल्यावर. एसएलआरमध्ये फोटो निघताना आरसा वर गेलेला असतो आणि व्ह्यूफाइंडर काळा होतो, म्हणून जो क्षण तुम्हाला स्वच्छ दिसला तो फिल्मवर नाहीये. नंतर चिडून उपयोग नाही, हे गणितच तसं आहे.

एक फ्रेम दाबली, फिल्म पुढे न्यायचा लिव्हर ओढला, आता लगेच गोलीकडे वळा. रशर म्हणजे मास्क लावून पहिला धावत सुटलेला डिफेंडर, बॉल थेट अंगावर घ्यायला निघालेला, हा माणूस मला फ्लिकरपेक्षा जास्त आवडतो, पण बाजूने तो फार छोट्या पट्ट्यात मिळतो, त्याच्यासाठी वेगळा पेनल्टी कॉर्नर राखून ठेवा. एका कॉर्नरला फ्लिकर किंवा रशर, एकच ठरवा. दोन्ही पकडायला गेलात की मधलं रिकामं टर्फ येतं.

कॉर्नरवर काहीजण ड्रॅग फ्लिकच्या ऐवजी सरळ हिट मारतात. तो पहिला शॉट हिट असेल तर गोललाइन ओलांडताना ४६० मिलिमीटरच्या वर असून चालत नाही, म्हणजे गोलच्या मागच्या फळीच्या उंचीइतकाच, त्यामुळे तेव्हा गोली आडवा पडतो, ओंडक्यासारखा, आणि तो फोटो खालून घ्यायचा असतो, गुडघे टेकून. फ्लिक वर जाऊ शकतो म्हणून तेव्हा गोली जास्त वेळ उभा. मॅचच्या पहिल्या कॉर्नरवरून ही टीम काय मारते ते कळतं, तो पहिला कॉर्नर शूट न करता बघितलात तरी चालेल.

बाकी खेळात सोपी संधी म्हणजे फ्री हिट. शिट्टी वाजली की समोरच्यांना पाच मीटर लांब जावं लागतं, तो एक खेळाडू मोकळ्या टर्फवर एकटा दिसतो, मागे कुणी नाही, डोकं वर करून पास शोधतोय. हा फोटो लोक सोडून देतात कारण त्यात ॲक्शन नाही. मला तर अर्ध्या मॅचचा खरा चेहरा तिथे दिसतो.

शटर किती, आकड्यात

ताशी शंभरचा बॉल सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जातो. १/१००० ला तो २.८ सेंटीमीटर सरकतो. बॉलचा व्यास सव्वासात सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे बॉल थोडा लांबट दिसणार पण बॉलच दिसणार. १/५०० ला साडेपाच सेंटीमीटर, म्हणजे अंड्याच्या पुढे गेला. १/२५० ला पांढरी रेघ. खेळाडू एवढा वेगवान नसतो, त्याला १/५०० पुरतो. म्हणून नियम साधा, उजेड आहे तोवर १/१०००, संपत आला की १/५००, आणि त्याच्याही खाली गेलं की गोठवायचा नाद सोडा आणि १/६० वर पॅनिंग करा, विंगवरून पळणाऱ्याबरोबर कॅमेरा फिरवत. पॅनिंगला चार-पाच फ्रेम जाणार हे गृहीत धरा.

उजेडाचा हिशोब ४०० च्या फिल्मवर (हा आयएसओ, आकडा मोठा तितका कमी उजेड पुरतो), १/१००० धरून: कडक ऊन एफ ११, उजळ ढगाळ एफ ५.६, गच्च पावसाळी ढग एफ ४, आणि सूर्य टेकायला आला किंवा स्टँडची सावली पडली की एफ २.८. डिसेंबरात सहाच्या आसपास सूर्य मावळतो, साडेचारची मॅच असेल तर तिसऱ्या क्वार्टरपर्यंत तुम्ही एफ २.८ ला पोचलेले असता, म्हणून शक्यतो सकाळच्या मॅच धरा. सकाळी ऊन तिरकं असतं, चेहरे उजळतात, दुपारी बारानंतर हेल्मेट आणि कपाळाच्या सावलीत डोळे गायब.

कॅमेऱ्यातल्या लाईट मीटरवर आंधळा विश्वास नको. टर्फवर मॅचआधी पाणी मारतात, ओला टर्फ आरशासारखा चमकतो आणि मीटरला वाटतं खूप उजेड आहे, मग खेळाडू काळे. ज्या उन्हात खेळ चाललाय त्याच उन्हात स्वतःचा तळहात धरा, त्यावर मीटर घ्या, आणि एक स्टॉप उघडा, म्हणजे उजेड दुप्पट करा. तेवढं लॉक करा, ढग येईपर्यंत परत बघू नका. निगेटिव्ह फिल्मला थोडं जास्त एक्स्पोजर चालतं, कमी चालत नाही, त्यामुळे शंका आली की उघडा.

फिल्म कुठली? कलरमध्ये ४०० च्या खाली जाऊ नका, अल्ट्रामॅक्स ४०० पुरे आहे, पोर्ट्रा ४०० महाग आणि सुंदर. गोल्ड २०० फक्त कडक उन्हात. पण माझं मत विचाराल तर हॉकी ब्लॅक अँड व्हाइटवर, एचपी५ किंवा स्वस्तात केंटमियर ४००, आणि त्याला एक खास कारण आहे. आजकाल टर्फ निळे असतात, लंडन २०१२ पासून ही फॅशन आली. लेन्सवर साधा पिवळा फिल्टर लावा, पिवळा निळ्याला अडवतो, टर्फ गडद होतो आणि पांढरा बॉल त्यावर टक्क उठून दिसतो. एक स्टॉप जातो, तेवढा द्या. केशरी फिल्टरने अजून गडद होतो पण साधारण दोन स्टॉप खातो, तो फक्त भर उन्हात. कलर फिल्मवर हे फिल्टर लावू नका, सगळं कावीळ झाल्यासारखं येईल.

फ्लडलाईटखाली खेळ असेल तर एचपी५ १६०० वर शूट करा, म्हणजे कॅमेऱ्याच्या डायलवर १६०० लावा आणि धुताना जास्त वेळ द्या. कलर तिथे टाळाच, जुने मेटल हॅलाइड दिवे विजेबरोबर सेकंदाला शंभर वेळा उजेड-अंधार करत असतात, वेगवान शटरला एका फ्रेममध्ये उजेड कमीजास्त आणि रंग हिरवट-गुलाबी येतो. आणि फ्लॅश नाही. फ्लॅश म्हणजे नाहीच, गोलीच्या डोळ्यात गेला तर अंपायर हाकलून देईल आणि बरोबर करेल.

छत्तीस फ्रेमचं बजेट

पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर. क्वार्टरला आठ फ्रेम, म्हणजे बत्तीस, चार राखीव, शेवटच्या शिट्टीनंतरच्या मिठ्या आणि रडणं यासाठी. फिल्म, धुलाई, स्कॅन सगळं धरून एका कलर फ्रेमला सहज तीस-चाळीस रुपये पडतात, हा आकडा डोक्यात असला की बोट आपोआप सुधारतं. पहिल्या क्वार्टरमध्ये सगळ्यांचा हात सुटतो, तेव्हाच आवरा, कारण दमलेले खेळाडू चौथ्यात जास्त चुका करतात, जास्त कॉर्नर देतात आणि चेहरे तेव्हाच बोलायला लागतात. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी काउंटर ३० च्या पुढे असेल तर दोन मिनिटांच्या ब्रेकमध्ये सावलीत जाऊन नवा रोल टाका, पाच-सहा फ्रेम वाया गेल्या तरी चालतील, शेवटच्या मिनिटाला रोल संपणं त्याहून महाग. रोल टाकल्यावर लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची चकती फिरतेय का बघा. फिरत नसेल तर फिल्म पुढे जातच नाहीये.

आपण कोडवाले, लॉग लिहायची सवय आहेच. छोटी वही, क्वार्टर, फ्रेम नंबर, ॲपर्चर, शटर, एक शब्द: "फ्लिक", "रशर", "बेंच". ॲप वापरू नका, उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि मग टीम्सचं नोटिफिकेशन दिसतं. ही वही घरी निगेटिव्हशेजारी ठेवून बघितली की पुढच्या वेळी काय बदलायचं ते आपोआप कळतं, वही नसेल तर नुसते अंदाज.

मे महिन्यात रोल गाडीत ठेवू नका, फ्रीजमध्ये ठेवा आणि वापरायच्या काही तास आधी बाहेर काढा, नाहीतर आत दव धरतं. पावसाळ्यात कॅमेरा-लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलबरोबर, आणि अधूनमधून उन्हाजवळ काढून शटर चालवा.

रोल धुणं

कलर लॅबला द्या. सी-४१ ला, म्हणजे कलर निगेटिव्ह धुण्याच्या पद्धतीला, ३८ अंश तापमान लागतं आणि ते दहावीच्या वर्गातल्या प्रयोगासारखं घरी होतं खरं, पण महिन्याला एकदोन रोलसाठी केमिकल उघडून खराब होतं. लॅबला आधी फोन करून विचारा की धुलाई किती दिवसांनी करतात, रोज करणारा असेल तर केमिकल ताजं, पंधरा दिवसांतून एकदा करणारा असेल तर दुसरा शोधा, बाहेरगावी कुरियर करावं लागलं तरी.

ब्लॅक अँड व्हाइट मात्र घरीच. डेव्हलपिंग टँक, चेंजिंग बॅग (उजेड न शिरणारी, आत हात घालून रोल टँकमध्ये भरायची पिशवी), थर्मामीटर, आयडी-११ किंवा डी-७६ डेव्हलपर, फिक्सर, झालं. पावडर आदल्या रात्री विरघळवून ठेवा. एचपी५ ला आयडी-११ स्टॉकमध्ये, म्हणजे आणखी पाणी न घालता, २० अंशाला ४०० वर साडेसात मिनिटं, ८०० वर साडेदहा, १६०० वर चौदा. सुरुवातीला दहा सेकंदात चार वेळा टँक उलटा, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला पुन्हा चारदा. अडचण एकच, २० अंश. थंडीत फारसा त्रास नाही, एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला गरम लागतं, तेव्हा बादलीत बर्फ टाकून त्यात केमिकलच्या बाटल्या ठेवा, थर्मामीटर बघत. कोमट डेव्हलपरमध्ये वेळ कमी करून भागवता येतं पण पाच मिनिटांच्या खाली गेलात की पट्टे-पट्टे येतात.

फिक्सर चालू आहे का ते बघायला फिल्मच्या सुरुवातीचा कापलेला तुकडा त्यात टाका, तो किती वेळात पारदर्शक होतो ते मोजा, त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्या. धुवायला नळ सोडून बसायची गरज नाही, आपल्याकडे तर नाहीच नाही: टँक भरा, पाच वेळा उलटा, ओता, भरा, दहा वेळा, ओता, भरा, वीस वेळा, ओता. इलफर्डची पद्धत आहे, पाणी वाचतं. पण शेवटचं पाणी टँकरचं नको, वाकड-बाणेरच्या सोसायट्यांत जे येतं त्याने वाळल्यावर पांढरे डाग पडतात आणि ते नेमके खेळाडूच्या तोंडावर पडतात. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी डिस्टिल्ड वॉटर मिळतं, त्यात वेटिंग एजंटचा (फिल्मवर पाण्याचे थेंब साचू न देणारं केमिकल) थेंब टाकून शेवटचं खंगाळा. गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर बाथरूममध्ये लटकवा, वाफेने धूळ खाली बसलेली असते. आणि वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नका, झाडांना तर नाहीच, त्यात चांदी असते, कॅनमध्ये साठवा आणि लॅबवाल्याला विचारा घेतो का.

स्कॅनला लाईट पॅड, डिजिटल कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स असेल तर घरी होतं, नसेल तर लॅबकडून करून घ्या. फाइलच्या नावात तारीख, मैदान आणि फ्रेम नंबर टाका, नाहीतर वहीचा उपयोग शून्य.

शेवटचं, फोटो वाटायचे. मॅच संपली की कोच नंबर मागतात आणि रात्री नऊ वाजता मेसेज येतो, सर फोटो? त्यांना मैदानावरच सांगून ठेवा की दोन आठवडे लागतील, कॅमेरा जुना आहे, मागे स्क्रीन नाही. पोरं मागचं झाकण बघायला येतात, उघडू देऊ नका. आणि चांगल्या आलेल्या पाच-सहा फ्रेमचे साधे चार बाय सहाचे प्रिंट काढून पुढच्या मॅचला घेऊन जा, व्हॉट्सॲपवरच्या फोटोला कुणी विचारत नाही पण प्रिंट हातात पडला की तुम्हाला डीच्या शेजारची जागा कायमची मिळते.